फुलपाखरे आणि निसर्ग-हस्तकला : पालक व शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज आणि तासगावच्या परिसरात मुलांसाठी निसर्ग-हस्तकलेचे वर्ग घेताना पालक आणि शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. या वर्गांत फुलपाखरू हा कायमचा विषय आहे आणि त्याबाबत एक नियम आम्ही कटाक्षाने पाळतो : जे फुलपाखरू बनवायचे, त्याची अळी ज्या झाडावर वाढते ते झाड मुलांनी आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असले पाहिजे. पुढील बहुतेक उत्तरांमागे हाच नियम आहे.

जिवंत फुलपाखरू न पाहता चित्रावरून वस्तू बनवली, तर काय बिघडते?

वस्तू देखणी होऊ शकते, परंतु ती बहुधा चुकीची होते आणि ती चूक मुलांच्या मनात पक्की बसते. बाजारातील चित्रांत आणि सजावटीच्या वस्तूंत पंख सर्रास पोटाला चिकटवलेले दिसतात. प्रत्यक्षात फुलपाखराच्या शरीराचे डोके, वक्ष आणि पोट असे तीन भाग असतात. चारही पंख आणि सहाही पाय मधल्या वक्षालाच जोडलेले असतात, पोटाला यांतले काहीही नसते. चित्रांत मिशांची टोके गोल वळवलेली असतात; खऱ्या फुलपाखराच्या मिशा बारीक, जवळजवळ सरळ आणि टोकाशी किंचित फुगीर असतात. गुंडाळलेली असते ती सोंड, आणि फुलावर बसल्याखेरीज ती सहसा उलगडत नाही.

आणखी एक गोष्ट चित्रावरून कधीच कळत नाही. बहुतेक फुलपाखरे विसावताना पंख पाठीवर मिटून घेतात, त्यामुळे आपल्याला जी बाजू अधिक वेळ दिसते ती पंखांची खालची बाजू असते, आणि ती वरच्या बाजूपेक्षा अनेकदा अगदी वेगळी असते. म्हणून आमच्या वर्गात पंख दोन्ही बाजूंनी रंगवले जातात. एकाच बाजूने रंगवून भिंतीला चिकटवलेले फुलपाखरू आम्ही करून घेत नाही.

पाहण्यासाठी सकाळी नऊ ते अकराची वेळ उत्तम असते, कारण ऊन पडल्यावर फुलपाखरे पंख पसरून अंग शेकत बसतात. जवळ जाताना आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नये; सावली पडताच ती उडतात. एखाद्या मुलाने नीट पाहून चारच पाय मोजले, तर त्याला चूक ठरवू नये. फुलपाखरांच्या एका मोठ्या कुळात पुढचे दोन पाय अगदी आखूड असून छातीशी आवळून धरलेले असतात, त्यामुळे उभे राहण्यासाठी चारच पाय वापरलेले दिसतात. असे निरीक्षण करणाऱ्या मुलाचे मनापासून कौतुक करावे.

सुरुवात कोणत्या फुलपाखरापासून करावी?

लिंबाच्या फुलपाखरापासून. लिंबू, कढीपत्ता किंवा बेल यांपैकी एखादे झाड बहुतेक घरांच्या किंवा शाळांच्या आवारात असतेच, आणि या फुलपाखराची मादी कोवळ्या पानांवर एकेक करून फिकट पिवळसर, मोहरीपेक्षा लहान अशी गोल अंडी घालते. अंड्यातून बाहेर आलेली अळी सुरुवातीच्या अवस्थांत तपकिरी-पांढरी, ओलसर, थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे तिला खाणारे तिच्याकडे दुर्लक्ष करतात. शेवटची कात टाकल्यावर मात्र ती एकदम हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. तिला काडीने हलकेच डिवचले, तर डोक्यामागून नारिंगी रंगाचे दोन फाट्यांचे मऊ शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. मुलांना हे एकदा दाखवावे. परत परत डिवचून तिला दमवू नये.

या एकाच झाडावर अंडे, अळी, कोष आणि फुलपाखरू या चारही अवस्था थोड्या दिवसांच्या अंतराने पाहता येतात, म्हणून हस्तकलेचा पहिला विषयही या चार अवस्थांचाच घ्यावा. अंड्यासाठी राजगिऱ्याचा दाणा, लहान अळीसाठी चिंचोक्याच्या सालीचा तुकडा, मोठ्या अळीसाठी हिरव्या कापडाची भरीव गुंडाळी आणि कोषासाठी वाळक्या पानाची घडी एवढे साहित्य पुरते. हे सारे लिंबाच्याच वाळलेल्या काटकीवर बसवावे. कोष बनवताना एक बारकावा सांभाळावा : या फुलपाखराचा कोष उलटा लोंबकळत नाही, तर शेपटीकडून टेकून आणि कमरेभोवती रेशमाचा बारीक धागा घेऊन डोके वर करून तिरका उभा असतो. हा कमरेचा धागा शिवणाच्या दोऱ्याने दाखवल्यावर मुले खरा कोष शोधताना आधी तोच धागा शोधू लागतात.

‘हळदीकुंकू’ नावाचे फुलपाखरू हळदीच्याच रंगाने रंगवता येते, हे खरे आहे का?

होय, आणि आमच्या वर्गातील हे सर्वांत आवडते काम आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. येथील मुलांना हळदीचा बाजार आणि हळद साठवण्याची हरिपूरची पेवे ऐकून तरी ठाऊक असतात, त्यामुळे रंगाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

हे फुलपाखरू इंग्रजीत कॉमन जेझेबेल या नावाने ओळखले जाते. त्याच्या मागच्या पंखांची खालची बाजू गडद पिवळी असून तिच्यावर काळ्या शिरांची स्पष्ट जाळी असते आणि कडेने नारिंगी-लाल ठिपक्यांची ओळ असते. वरची बाजू मात्र बरीचशी पांढरी असते. ते उंच झाडांच्या शेंड्यांशी उडते, त्यामुळे खालून पाहणाऱ्याला ही पिवळी-लाल बाजूच चटकन ओळखू येते. हे रंग पक्ष्यांसाठी इशारा असतात. हे फुलपाखरू पक्ष्यांना बेचव लागते.

कृती अशी आहे. शोषून घेणारा जाड कागद घ्यावा; हातकागद असल्यास उत्तम. हळदीचा रंग साध्या पाण्यात नीट उतरत नाही, पाण्यात फक्त कण तरंगत राहतात. म्हणून हळद स्पिरिटमध्ये किंवा पाण्यासारख्या पातळ सॅनिटायझरमध्ये कालवून थोडा वेळ ठेवावी आणि फडक्यातून गाळून घ्यावी. हे काम मोठ्यांनी, आगीपासून दूर करावे. या पिवळ्या द्रावणाने मागच्या पंखांचा आकार रंगवून तो पूर्ण वाळू द्यावा. दुसरीकडे, खाण्याच्या चुन्यात पाणी घालून रात्रभर ठेवावे आणि वरची स्वच्छ निवळी अलगद ओतून घ्यावी. कळीचा चुना मुलांच्या आसपासही आणू नये, कारण तो पाण्यात उकळतो आणि भाजतो. निवळीही डोळ्यांत जाऊ नये याची काळजी घ्यावी.

आता वाळलेल्या पिवळ्या पंखाच्या कडेवर बारीक ब्रशाने निवळीचा एक थेंब टेकवावा. रंगहीन थेंब कागदाला लागताच तेथे लाल डाग उमटतो आणि मुलाच्या डोळ्यांदेखत पसरत जातो. हळद अल्कधर्मी पदार्थाच्या संपर्कात लाल होते, हेच त्याचे कारण आहे आणि हळदीपासून पारंपरिक कुंकू करताना याच गुणाचा उपयोग होतो. ठिपका फार पसरला, तर त्याच्या कडेला लिंबाच्या रसाचा स्पर्श करावा. आम्लामुळे तेवढा भाग पुन्हा पिवळा होतो. अशा रीतीने खोडरबर न वापरता ठिपक्याला नेटका आकार देता येतो. शिरा शेवटी, सर्व काही वाळल्यावर, काजळी आणि डिंकाच्या शाईने काढाव्यात. पांढरा भाग कोरा कागदच ठेवावा.

हा रंग पक्का नाही, हे मुलांना आधीच सांगावे. हळदीचा पिवळा उन्हात उडतो आणि लालही काळानुसार मंद होतो, म्हणून हे काम वहीत मिटून ठेवले तर अधिक टिकते.

या फुलपाखराची अळी कोणत्या झाडावर वाढते?

बांडगुळावर. आंबा आणि इतर झाडांच्या फांद्यांवर जे परोपजीवी बांडगूळ वाढते, त्याच्या पानांवर ही मादी पुंजक्याने अंडी घालते आणि अळ्याही समूहाने राहतात. बांडगूळ मूळ झाडाचे अन्नपाणी शोषते, त्यामुळे बागायतदार ते काढतात आणि फळबागेत ते योग्यच आहे. मात्र बांधावरच्या, देवळामागच्या किंवा ओढ्याकाठच्या जुन्या आंब्यावर जेथे उत्पन्नाचा प्रश्न नाही, तेथे एखाद-दुसरे बांडगूळ राहू द्यावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. पंख रंगवून झाल्यावर मुलांना बांडगुळाचे एक पान निरखून त्याचे चित्र काढायला लावावे आणि ते फुलपाखराशेजारी चिकटवावे.

हस्तकलेसाठी काय गोळा करावे आणि काय करू नये?

गळून पडलेले, वाळलेले आणि मुबलक असलेले तेवढेच उचलावे. शिरीषाच्या कागदासारख्या चपट्या शेंगा, गुलमोहराच्या लांब शेंगा, सागाची पडलेली पाने, पिंपळपाने, खुळखुळ्याच्या वाळून वाजणाऱ्या शेंगा आणि ज्वारीची धाटे एवढ्यावर वर्षभराचे काम भागते. चिकटवण्यासाठी मैद्याची खळ किंवा बाभळीचा डिंक वापरावा. झाडावरचे काहीही तोडू नये.

वाळकी पाने आणि काटक्या पिशवीत भरण्यापूर्वी उलटून पाहाव्यात, कारण कोष अनेकदा त्यांनाच चिकटलेले असतात. कोष वाळक्या पानासारखा दिसतो तो शत्रूंच्या नजरेतून सुटण्यासाठीच, आणि हस्तकलेसाठी पाने वेचणाऱ्या हातांनाही तो तितकाच सहज फसवतो.

चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि सागरेश्वर अभयारण्य येथून वाळलेले पानही आणू नये. संरक्षित क्षेत्रातील कोणतीही वस्तू नेण्यास मनाई आहे. सातारा जिल्ह्यातील कास पठारालाही आम्ही हाच नियम लावतो. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही महाराष्ट्रातील चार ठिकाणे २०१२ साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत आली. तेथे वही आणि पेन्सिल घेऊन जावे आणि चित्र घेऊन परत यावे.

पिंपळाच्या पानाची जाळी कशी करावी?

पूर्ण वाढलेली, न फाटलेली, नुकतीच गळलेली पाने एका भांड्यात पाण्याखाली बुडवून ठेवावीत. उन्हाळ्यात साधारण तीन-चार आठवड्यांत, थंडीत त्याहून उशिरा पानाचा हिरवा गर कुजून सुटू लागतो. पाणी दर काही दिवसांनी बदलावे, नाहीतर असह्य दुर्गंधी येते; हे पाणी झाडांना घालता येते. गर सुटला की पान सपाट ताटलीत पाण्याखालीच ठेवून मऊ जुन्या टूथब्रशने शिरांच्या दिशेने हळूहळू साफ करावे आणि शेवटी वहीच्या पानांमध्ये दाबून वाळवावे. घाईसाठी खाण्याच्या सोड्यात पाने उकळण्याचा सल्ला दिला जातो, परंतु कुजवलेल्या पानाची जाळी अधिक अखंड मिळते असा आमचा अनुभव आहे.

या जाळीचे पंख उजेडासमोर धरले की शिरांचे जाळे स्पष्ट दिसते. फुलपाखराच्या पंखांनाही अशाच शिरा आधार देतात. कोषातून बाहेर येताना पंख ओले आणि चुरगळलेले असतात. शरीरातील द्रव या शिरांत ढकलला गेल्यावर ते ताठ होतात. पंखांची रचना शिकवण्यासाठी पिंपळाच्या जाळीपेक्षा चांगले साधन आम्हाला अजून मिळालेले नाही.

ज्वारीच्या धाटाचे फुलपाखरू म्हणजे काय?

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या ज्वारीच्या पट्ट्यात आजी-आजोबांच्या पिढीने धाटाची साल आणि आतले भेंड वापरून बैलगाड्या बनवलेल्या असतात. तेच तंत्र येथे वापरायचे असते. धाटाची कडक साल नखाने सोलून तिचे चिवट पट्टे वेगळे करावेत आणि आतल्या पांढऱ्या हलक्या भेंडाचे तीन तुकडे करावेत : डोक्यासाठी छोटा, वक्षासाठी जाड आणि पोटासाठी लांब व निमुळता. हे तिन्ही तुकडे सालीच्या एका काडीत ओवावेत. मधल्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी चिरा देऊन त्यांत पंख खोचावेत. पोटाच्या तुकड्याला चीर द्यायचीच नाही, त्यामुळे पंख चुकीच्या जागी बसण्याची शक्यताच उरत नाही. सालीच्या बारीक पट्ट्यांच्या मिशा करून त्यांच्या टोकांना भेंडाचा कण लावावा. सहा पाय वक्षालाच टोचावेत.

धाट सोलताना सालीची कड बोटाला कापते, म्हणून लहान मुलांना सोललेले तुकडेच द्यावेत. धाट म्हणजे जनावरांची वैरण आहे, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये सुगीच्या वेळी शेतकऱ्याला विचारूनच चार-दोन धाटे मागून घ्यावीत. शक्य असेल तेथे घरातील आजोबांनाच वर्गात बोलवावे. त्यांचे हात हे काम आमच्यापेक्षा सफाईने करतात.

मेलेल्या फुलपाखरांचे किंवा गळालेले पंख वापरता येतील का?

नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींमध्ये फुलपाखरांच्या अनेक जातींचा समावेश आहे आणि संरक्षित जातीचे अवयव बाळगणे हादेखील गुन्हा ठरू शकतो. सापडलेला पंख कोणत्या जातीचा आहे हे मुलाला ओळखता येत नाही, त्यामुळे सरसकट न उचलणे हाच सुरक्षित मार्ग आहे. शिवाय एकदा वस्तूत खरा पंख वापरला, की पुढच्या वस्तूसाठी मुले पंख शोधू लागतात आणि शोधण्यातून पकडण्याकडे जायला वेळ लागत नाही.

पंख जमिनीवर सापडल्यास तेथेच गुडघे टेकून भिंगातून पाहावा. पंखांवरील रंग म्हणजे कौलांप्रमाणे एकावर एक रचलेले सूक्ष्म खवले असतात; फुलपाखरू हातात धरल्यावर बोटांना लागणारी भुकटी ती हीच. हे दिसल्यावर मुले स्वतःहून फुलपाखराला हात लावायचे थांबतात.

अळी घरी आणून वाढवावी का?

शक्यतो आणू नये. कुंडीतील झाडावर तिला जागच्या जागी पाहावे. शाळेत आणायचीच झाल्यास एकच आणावी आणि ज्या झाडावर ती सापडली त्याच झाडाची ताजी, औषध न फवारलेली पाने रोज द्यावीत. रुईवरची अळी कढीपत्ता खाणार नाही, उपाशी मरेल. डब्याला हवा हवी, उभी काडी हवी आणि वर मोकळी जागा हवी, कारण बाहेर आलेल्या फुलपाखराला पंख खाली सोडून वाळवता आले नाहीत तर ते जन्माचे अधू होते. त्याला ‘मदत’ म्हणून कोष फोडू नये. अळीची अवस्था साधारण दोन-तीन आठवड्यांची आणि कोषाची दीडेक आठवड्याची असते. हवामानानुसार यात फरक पडतो.

कधी कधी कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्या बाहेर येतात. मुले हिरमुसतात, काही रडतातही. अशा वेळी खरे ते सांगावे : या माश्या अळीच्या किंवा कोषाच्या अंगात अंडी घालतात, त्यांची पिल्ले आतून तो जीव खातात आणि अळ्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे काम त्याच करतात. आठ-नऊ वर्षांची मुले हे समजू शकतात.

आमची डाळिंबाची बाग आहे. फुलपाखरावर प्रेम करायला मुलांना कसे सांगायचे?

हा प्रश्न आटपाडी आणि जतकडील पालक विचारतात आणि तो अत्यंत रास्त आहे. डाळिंबातील ‘सुरसा’ ही फळ पोखरणारी अळी एका लहानशा फुलपाखराचीच असते. मादी फुलावर किंवा कोवळ्या फळावर अंडी घालते, अळी फळात शिरून दाणे खाते आणि फळ सडते. ज्या घराचा वर्षाचा खर्च त्या फळांवर चालतो, त्या घरातील मुलासमोर सर्व फुलपाखरे निरुपद्रवी आहेत असे सांगणे खोटेपणाचे ठरेल.

आम्ही त्या मुलांना सुरसाचेही फुलपाखरू बनवायला लावतो. अळीने पाडलेले भोक असलेले वाळके डाळिंब घ्यावे, त्याच्या सालीवर कागदी फुलपाखरू बसवावे आणि भोकातून भेंडाची अळी डोकावताना दाखवावी. त्यासोबत, फळांना वेळेवर पिशव्या घालणे आणि पोखरलेली फळे वेचून नष्ट करणे हे उपाय मुलांनी स्वतःच्या अक्षरांत लिहावेत. बागेच्या बांधावरच्या रुईवरील किंवा टाकळ्यावरील अळ्यांचा डाळिंबाशी काहीही संबंध नसतो, हे मग त्यांना वेगळे समजावावे लागत नाही. ज्याने एक अळी नीट ओळखली, तो दुसरीला उगाच चिरडत नाही.

अंगणात किंवा गच्चीवर कोणती झाडे लावावीत?

मधासाठीच्या फुलझाडांपेक्षा अळ्यांच्या खाद्यवनस्पतींना प्राधान्य द्यावे, कारण फुले शोधत फुलपाखरू दूरवर जाऊ शकते, परंतु योग्य पान नसेल तर ते अंडी घालत नाही. कुंडीत कढीपत्ता आणि लिंबू सहज वाढतात. कुंपणावर कृष्णकमळ चढवल्यास टॉनी कॉस्टर हे फुलपाखरू येते. आवारात आसोपालव असल्यास त्याच्या कोवळ्या पालवीवर कॉमन जे आणि टेल्ड जे यांच्या अळ्या सापडतात. कण्हेरीवर कॉमन क्रोचा कोष शोधावा. तो आरशासारखा चकाकतो आणि एकदा पाहिलेला मनुष्य तो विसरत नाही. बहाव्यावर आणि टाकळ्यावर पिवळी फुलपाखरे येतात. एरंडाच्या पानांवर काटेरी हिरव्या अळ्या दिसल्या, तर त्या बहुधा कॅस्टर या तपकिरी फुलपाखराच्या असतात. रुई मात्र लहान मुलांच्या हाताला येईल अशा जागी लावू नये, तिचा चीक डोळ्यांना अपायकारक असतो.

घाणेरीवर फुलपाखरे खूप येतात हे खरे असले, तरी ती परदेशी आणि आक्रमक वनस्पती आहे; मुद्दाम लावू नये. तिच्याऐवजी खुळखुळा पेरावा. प्लेन टायगर, ब्लू टायगर यांच्या कुळातील नर त्याच्या वाळक्या फांद्यांवर व शेंगांवर गर्दी करतात, कारण मादीला आकर्षित करणारा गंध तयार करण्यासाठी लागणारी रसायने त्यांना तेथून मिळतात. कुंड्यांवर कीटकनाशक फवारायचे असेल, तर ही झाडे न लावलेलीच बरी.

फुलपाखरे पाहायला कधी आणि कोठे जावे?

जिल्ह्यात जुलै ते नोव्हेंबर हा काळ सर्वांत समृद्ध असतो. भारतात सप्टेंबर महिना फुलपाखरांच्या नोंदींसाठी खास साजरा केला जातो, त्यात शाळांनी भाग घ्यावा. मिरजेजवळचा दंडोबा डोंगर, सागरेश्वर, शिराळा तालुक्यातील चांदोलीचा परिसर आणि कृष्णाकाठच्या मळ्यांतील पाऊलवाटा या जागा मुलांना घेऊन जाण्याजोग्या आहेत. संरक्षित क्षेत्रासाठी वन विभागाची परवानगी घ्यावी. ओल्या वाळूवर किंवा चिखलावर फुलपाखरांचा थवा सोंड टेकवून बसलेला दिसला, तर थोडे अंतर ठेवून थांबावे. ते बहुतेक नर असतात आणि मातीतील क्षार शोषत असतात.

पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात एकाच जातीची दोन रूपे पाहण्याची संधी सोडू नये. संध्याकाळी घराच्या आसपास उडणाऱ्या कॉमन इव्हनिंग ब्राउनच्या पंखांखाली पावसाळ्यात डोळ्यांसारखे ठिपके असतात. कोरड्या ऋतूत ते जवळजवळ नाहीसे होतात आणि फुलपाखरू वाळक्या पानासारखे दिसते. हे उन्हाळी रूप सागाच्या वाळक्या पानातून कापून केल्यास रंग लावण्याची गरजच पडत नाही.

राज्य फुलपाखरू कोणते आहे आणि त्याची प्रतिकृती कशी करावी?

ब्लू मॉरमॉन, म्हणजेच राणी पाकोळी. महाराष्ट्राने २०१५ साली त्याला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला आणि असा दर्जा देणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. पंखांचा विस्तार १२ ते १५ सेंटिमीटर असल्याने प्रतिकृती खऱ्या मापाची करता येते. पंखांची वरची बाजू मखमली काळी असून तिच्यावर फिकट निळे पट्टे आणि मागच्या पंखांवर काळे गोल ठिपके असतात. निळ्यासाठी कपड्यांची नीळ पांढऱ्या मातीत मिसळावी, काळ्यासाठी काजळी वापरावी. त्याची अळीही लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढते.

चमकी, थर्माकोल आणि प्लास्टिकचे डोळे वापरावेत का?

वापरू नयेत. चमकी म्हणजे प्लास्टिकचाच चुरा असतो. ती वर्गातून मातीत आणि पाण्यात जाते आणि परत वेचता येत नाही.

वाढदिवसाला किंवा लग्नात जिवंत फुलपाखरे सोडण्याची कल्पना कशी वाटते?

आम्ही तिला स्पष्ट विरोध करतो. डब्यात कोंडून आणलेली फुलपाखरे अर्धमेली असतात, आणि परक्या ठिकाणी सोडल्यास त्यांना ना खाद्यझाड मिळते ना आसरा. पाहुण्यांना काही द्यायचेच असेल, तर कढीपत्त्याचे रोप द्यावे.

शाळेतील प्रदर्शन कसे मांडावे?

फुलपाखरांप्रमाणे नव्हे, तर झाडांप्रमाणे. ‘लिंबावरचे’, ‘रुईवरचे’, ‘बांडगुळावरचे’, ‘डाळिंबावरचे’ असे विभाग करावेत आणि प्रत्येक विभागात शक्य असल्यास त्या झाडाची जिवंत कुंडी ठेवावी. कुंडीवर खरे अंडे किंवा अळी असेल, तर शेजारी भिंग ठेवून एका मुलावर ती दाखवण्याची जबाबदारी द्यावी. हात लावू नका, असा फलक लावण्यापेक्षा हे अधिक परिणामकारक ठरते. वस्तूखाली मुलाच्या नावासोबत त्याने ते फुलपाखरू कोठे आणि कोणत्या महिन्यात पाहिले हेही लिहावे. ज्याने पाहिले नसेल त्याने ‘अजून पाहिलेले नाही’ असे प्रामाणिकपणे लिहावे.

एक खेळही ठेवता येतो. प्लेन टायगर आणि डॅनाइड एगफ्लायची मादी ही दोन्ही नारिंगी फुलपाखरे शेजारी मांडावीत आणि फरक ओळखायला सांगावे. पहिले रुईच्या विषामुळे पक्ष्यांना नकोसे असते, दुसरे बेचव नसूनही त्याच्यासारखे दिसून जीव वाचवते. प्लेन टायगरच्या मागच्या पंखांच्या मध्यभागी लहान काळे ठिपके असतात. दुसऱ्याच्या पंखांवर तसा पुंजका नसतो. मोठी माणसे येथे मुलांपेक्षा अधिक वेळा चुकतात.

या वस्तू किती दिवस टिकतात?

कोरड्या हवेत काही महिने टिकतात. पावसाळ्यात भेंडाला आणि खळीला बुरशी येते, झुरळेही खळ खातात. वाळलेल्या कडुनिंबाच्या पानांसह पत्र्याच्या डब्यात ठेवल्यास नुकसान कमी होते. खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे, परंतु मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या कामात ते वापरू नये. वस्तू खराब झाल्यावर तार किंवा टाचणी वापरली असल्यास तेवढी काढून घ्यावी आणि बाकी सर्व कढीपत्त्याच्या कुंडीत किंवा खतखड्ड्यात टाकावे. पुढच्या सुगीला नवी धाटे मिळतातच.